‘तेल्या’ शोधणाऱ्याला ‘जिवाणूजन्य करपा’ सापडावा म्हणून: मराठी संकेतस्थळावर सिमँटिक सर्च

डाळिंबाच्या फळांवर तेलकट डाग दिसले की शेतकरी मोबाइलवर ‘डाळिंब तेल्या’ असं टाइप करतो. त्याच रोगावर तज्ज्ञाने लिहिलेल्या लेखाचं शीर्षक ‘डाळिंबावरील जिवाणूजन्य करपा : ओळख व व्यवस्थापन’ असं असतं आणि आत ‘तेल्या’ हा शब्द कदाचित एकदाही येत नाही. लेख संकेतस्थळावर आहे, माहिती नेमकी आहे, वाचणाऱ्याला ती आज हवी आहे, तरी शोधाच्या पानावर ‘काहीही सापडले नाही’ असं उत्तर येतं. कपाशीचंही तसंच. कुणी ‘गुलाबी बोंडअळी’ लिहितं, कुणी ‘शेंदरी’, कुणी ‘सेंद्री’. अळी एकच असते.

शब्दांऐवजी अर्थ जुळवणारा शोध, म्हणजे सिमँटिक सर्च, ही दरी बऱ्याच प्रमाणात बुजवतो. पण मराठी संकेतस्थळावर तो बसवताना दोन गोष्टी आधीच मान्य कराव्या लागतात. निम्म्याहून जास्त काम मॉडेल (मजकुराचा अर्थ आकड्यांत मांडणारा प्रोग्राम) हातात घेण्यापूर्वीचं आहे. आणि अर्थशोध हा जुन्या शब्दशोधाच्या जोडीला आणायचा असतो, त्याला काढून टाकण्यासाठी नव्हे. खाली उदाहरणादाखल शेतीविषयक सुमारे १० हजार लेखांचं एक मराठी संकेतस्थळ धरलं आहे. आरोग्य, कायदा किंवा पाककृतींच्या संकेतस्थळालाही हीच पद्धत लागू पडते.

शब्दशोध काय करतो, काय करत नाही

बहुतेक संकेतस्थळांच्या शोधामागे बीएम२५ नावाचं सूत्र असतं. इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीत ते २०१६ सालच्या ५.० आवृत्तीपासून आपोआप लागू होतं. सूत्राचा गाभा सोपा आहे. शोधलेला शब्द लेखात किती वेळा आला, तो एकूण संग्रहात किती दुर्मीळ आहे आणि लेख किती लांब आहे, यांवरून गुण ठरतात. दुर्मीळ शब्दाला जास्त वजन मिळतं. तोच शब्द लेखात वीस वेळा आला म्हणून वीसपट गुण मिळत नाहीत.

अडचण अशी, की या सूत्राला ‘कांदा’, ‘कांद्याला’, ‘कांद्यावरील’ आणि ‘कांद्याच्या’ हे चार वेगळे शब्द वाटतात. इंग्रजीसाठी शब्दाचं मूळ काढणारी साधनं तयार मिळतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये किंवा ल्युसीन या शोध-लायब्ररीमध्ये मराठीसाठी असं साधन नाही. हिंदीचं आहे, आणि लिपी एकच म्हणून ते मराठीला लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. ल्युसीनचा हिंदी नॉर्मलायझर, म्हणजे लेखनभेद एक करणारा भाग, ‘ऱ’चा ‘र’ करतो आणि हलंत गाळून टाकतो. त्यामुळे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एक होऊन बसतात. शिवाय त्याचे प्रत्यय हिंदीचे असतात, त्यामुळे ‘साठी’, ‘पासून’, ‘मधील’ यांना हातही लागत नाही.

मराठीसाठी स्वतःचं हलकं साधन लिहिणं फार अवघड नाही. प्रत्ययांची यादी करायची आणि सर्वांत लांब प्रत्यय आधी काढायचा: ‘वरील’, ‘मधील’, ‘साठी’, ‘पासून’, ‘मुळे’, ‘च्या’, ‘ला’, ‘ने’, ‘त’. मग उरलेलं सामान्यरूप आखडायचं, म्हणजे ‘कांद्या’चं ‘कांद’ आणि ‘कांदा’चंही ‘कांद’. एक नियम मात्र हवाच: प्रत्यय काढल्यावर किमान दोन व्यंजनं उरली पाहिजेत. नाहीतर ‘भात’मधला ‘त’ सप्तमीचा समजून गळतो आणि ‘भा’ उरतो. ‘शेतात’चं ‘शेता’ झालं तर चालतं, ‘शेत’चं ‘शे’ झालं तर चालत नाही. हेच साधन लेखांना आणि शोधशब्दांना, दोन्हींना लावायचं. एकाच बाजूला लावलं तर शोध पूर्वीपेक्षा बिघडतो.

एवढ्यानेच शून्य निकालांचे कितीतरी प्रश्न सुटतात. म्हणून शोधांच्या नोंदींमधून शून्य निकालाचे शेवटचे ५०० शोध काढून वाचावेत आणि त्यांतले किती केवळ विभक्तीमुळे हुकले ते मोजावं. उरलेले हुकलेले शोध हेच अर्थशोधाचं खरं काम.

मजकुराची सफाई

पडद्यावर सारखा दिसणारा मराठी शब्द आत वेगवेगळ्या संकेतांनी लिहिलेला असू शकतो. संगणकासाठी ते वेगळे शब्द असतात.

‘शेतकऱ्यांना’ घ्या. यातला ‘ऱ्य’ तीन प्रकारे लिहिला जातो. पहिला: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग ‘य’. दुसरा: साधा ‘र’, त्याला नुक्ता, मग हलंत आणि ‘य’. तिसरा: साधा ‘र’, हलंत, त्यानंतर न दिसणारं शून्य-रुंदीचं जोडचिन्ह आणि मग ‘य’. युनिकोडची एनएफसी ही प्रमाण पद्धत लावली की दुसरा प्रकार पहिल्यात मिसळतो. तिसरा मिसळत नाही, त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘र, हलंत, जोडचिन्ह’ याचं ‘ऱ, हलंत’ करायचं आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हं पुसायची. क्रम उलटा झाला तर ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं, स्वयंपाक करणारे आचारी विद्वान आचार्यांमध्ये मिसळतात आणि मागाहून ते वेगळे करता येत नाहीत.

‘ॲप’मधला ‘ॲ’ही असाच. तो एका अक्षरात लिहिता येतो, ‘अ’वर अर्धचंद्र देऊन लिहिता येतो, आणि जुन्या मजकुरात ‘ऍ’ही सापडतो. एनएफसी यांना एक करत नाही. एक रूप ठरवून बाकीची त्यात वळवावीत.

आकडेही एक करावेत. सोयाबीनच्या वाणाचं नाव कुणी ‘जेएस ३३५’ लिहितं, कुणी ‘जे. एस. ३३५’, तर कुणी तेच आकडे इंग्रजी अंकांत टाइप करतं. सगळं एका प्रकारच्या अंकांत आणि ठिपके-जागा काढून साठवलं की ही अडचण संपते. बोलीतल्या ‘पिवळं’, ‘पिकं’ आणि लेखी ‘पिवळे’, ‘पिके’ यांच्यासाठी शब्दशोधात अंत्य अनुस्वार आणि अंत्य एकार एकच मानावा. मजकूर १९६० पूर्वीचा असेल तर ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार येतात. त्यांच्यासाठी छोटी बदलयादी पुरते.

संग्रहातले काही लेख युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले असतील तर आधी त्यांचं रूपांतर करावं. फॉन्ट काढला की तो मजकूर निरर्थक इंग्रजी अक्षरांची माळ असते. मॉडेल तक्रार न करता तिचेही व्हेक्टर (अर्थ दाखवणाऱ्या आकड्यांच्या याद्या) बनवून देतं, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

मूळ लेखाला हात लावायचा नाही. वाचकाला दाखवायचा मजकूर जसाच्या तसा ठेवावा आणि शोधासाठी स्वच्छ केलेली प्रत वेगळ्या रकान्यात ठेवावी.

अर्थाचे आकडे

आता मुख्य यंत्रणा. एम्बेडिंग मॉडेलला मजकुराचा एक तुकडा दिला की ते ठरावीक लांबीची आकड्यांची यादी परत देतं. तिला व्हेक्टर म्हणतात. यादीत ३८४, ७६८ किंवा १०२४ आकडे असतात, ते मॉडेलवर अवलंबून. कोट्यवधी वाक्यांवर प्रशिक्षण झाल्यामुळे मॉडेल सारख्या अर्थाच्या वाक्यांना जवळजवळचे आकडे देतं. ‘सोयाबीनची पानं पिवळी पडतायत’ आणि ‘सोयाबीनवरील पिवळा मोझॅक : लक्षणे’ यांच्या याद्या एकमेकींच्या जवळ येतात, ‘उसाची तोडणी’ दूर राहते. दोन याद्यांची जवळीक त्यांच्यातल्या कोनावरून मोजतात. तिला कोसाइन साम्य म्हणतात. व्हेक्टर आधीच एकक लांबीचे करून ठेवले तर हे मोजणं म्हणजे फक्त गुणाकार आणि बेरीज.

‘वर्डटूव्हेक’ हे २०१३चं तंत्र एका शब्दाला एकच यादी द्यायचं. ‘कर’ म्हणजे हात की टॅक्स, हे त्याला कळायचं नाही. २०१८च्या बर्ट या मॉडेलपासून आजूबाजूचे शब्द पाहून अर्थ ठरू लागला आणि २०१९च्या सेंटेन्स-बर्टने अख्ख्या वाक्यांची तुलना झटपट करणं शक्य केलं. आज वापरातली बहुतेक मॉडेलं याच वाटेवरची आहेत.

मॉडेल निवडताना

इंटरनेटवरच्या बहुतेक मार्गदर्शकांत ‘ऑल-मिनीएलएम-एल६-व्ही२’ हे मॉडेल वापरलेलं असतं. ते लहान आहे, वेगवान आहे, आणि मराठीसाठी पूर्णपणे निरुपयोगी आहे. ते इंग्रजीवर शिकलेलं आहे, हे एक कारण. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. त्याचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे मॉडेलला वाचता येतील असे छोटे तुकडे (टोकन) करणारा भाग, युरोपीय भाषांतली स्वरचिन्हं काढण्यासाठी युनिकोडमधली जागा न व्यापणारी चिन्हं पुसून टाकतो. देवनागरीत उकार, एकार, अनुस्वार आणि हलंत नेमके त्याच वर्गात येतात. परिणामी ‘पुणे’चं ‘पण’ होतं, ‘शेत’चं ‘शत’ आणि ‘दूध’चं ‘दध’. मॉडेलपर्यंत पोहोचतं ते हे. कुठलंही मॉडेल घेतलं तरी पाच-सहा मराठी शब्द त्याच्या टोकनायझरमधून घालून परत जोडून बघावेत. मात्रा गायब झाल्या असतील तर एक तर ती स्वरचिन्हं काढण्याची सोय बंद करता येते का ते पाहावं, नाहीतर मॉडेल बदलावं.

मराठीला चालणारे पर्याय मोजके आहेत.

‘मल्टिलिंग्वल ई५’ तीन आकारांत येतं: लहान मॉडेल ३८४ आकड्यांचं, मधलं ७६८चं, मोठं १०२४चं. एका वेळी ५१२ टोकनच वाचतं. त्याची एक अट आहे. प्रश्नाच्या आधी ‘क्वेरी’ आणि लेखाच्या तुकड्याच्या आधी ‘पॅसेज’ हा शब्द, त्यापुढे अपूर्णविराम आणि एक मोकळी जागा, असं इंग्रजी अक्षरांतच जोडावं लागतं. हे विसरलं तर त्रुटीचा संदेश येत नाही, निकाल मात्र ढिले होतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने लहान ई५ घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. साध्या सर्व्हरच्या सीपीयूवर ते चालतं आणि १० हजार लेखांचे व्हेक्टर काही तासांत तयार होतात.

‘बीजीई-एम३’ १०२४ आकडे देतं आणि ८१९२ टोकनांपर्यंत वाचतं. गुणवत्ता चांगली, पण वजनही तसंच. ग्राफिक्स कार्ड नसेल तर गर्दीच्या वेळी शोध रेंगाळतो.

पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२२मध्ये ‘महासबर्ट’ ही खास मराठी वाक्यांसाठीची मॉडेलं खुली केली. दोन वाक्यं एकमेकांसारखी आहेत का, हे त्यांना चांगलं कळतं. मात्र शोधात दोन शब्दांचा प्रश्न आणि दीडशे शब्दांचा उतारा यांची गाठ घालायची असते. ते काम वेगळं आहे. म्हणून स्वतःच्या प्रश्नांवर चाचणी घेऊनच त्यांच्याबाबत ठरवावं.

पैसे देऊन वापरायच्या बाहेरच्या सेवाही आहेत. त्या सोयीच्या आहेत, पण वाचकाने शोधलेला प्रत्येक शब्द तुमच्या सर्व्हरबाहेर जातो. आजार, कर्ज, कोर्टकचेरी अशा विषयांच्या संकेतस्थळाने याचा आधी नीट विचार करावा.

लेखाचे तुकडे

अख्ख्या लेखाचा एक व्हेक्टर करू नये. १५०० शब्दांच्या लेखात जमीन, बियाणं, खतं, रोग, काढणी असं सगळं असतं. त्याची एकच यादी केली की ती कशाच्याच जवळ राहत नाही. दुसरं म्हणजे टोकनांची मर्यादा. ५१२च्या पुढचा मजकूर ई५ गुपचूप कापून टाकतं. एका मराठी शब्दाची साधारण दोन टोकनं होतात असं धरून चालता येतं, पण स्वतःच्या मजकुरावर मोजणं चांगलं, कारण रसायनांची आणि वाणांची नावं जास्त टोकनं खातात.

१५० ते २०० शब्दांचे तुकडे करावेत. कापायची जागा शक्यतो उपशीर्षक किंवा परिच्छेदाचा शेवट असावी. शेजारच्या तुकड्यांत सुमारे ३० शब्द सामाईक ठेवावेत, म्हणजे सीमेवरचं वाक्य तुटत नाही.

सर्वांत जास्त फरक पडतो तो एका साध्या गोष्टीने: प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला लेखाचं शीर्षक आणि उपशीर्षक जोडायचं. ‘पहिली फवारणी लक्षणे दिसताच करावी, दुसरी १५ दिवसांनी’ एवढाच तुकडा असेल तर तो कांद्याचा की द्राक्षाचा हे मॉडेलला कळायला मार्ग नाही. ‘कांदा : करपा रोग : फवारणीचे वेळापत्रक’ पुढे लागलं की तोच तुकडा बरोबर जागी बसतो. तक्ते असतील तर प्रत्येक ओळ वाक्यात फिरवून घ्यावी. नुसते आकडे आणि रेघा यांतून अर्थ निघत नाही. मेनू, ‘हेही वाचा’, छायाचित्राचं श्रेय हे सगळं तुकडे करण्यापूर्वी काढावं, नाहीतर प्रत्येक तुकडा थोडाथोडा एकसारखा होतो.

साठवण आणि शोध

१० हजार लेख, प्रत्येकी ८ तुकडे, म्हणजे ८० हजार तुकडे. प्रत्येक आकड्याला ४ बाइट धरले तर ३८४ आकड्यांच्या व्हेक्टरला १५३६ बाइट लागतात, आणि सगळे मिळून सुमारे १२३ मेगाबाइट होतात. १०२४ आकड्यांचे घेतले तरी ३२८ मेगाबाइट. एवढ्यासाठी वेगळा व्हेक्टर डेटाबेस विकत घ्यायची गरज नाही. संकेतस्थळ पोस्टग्रेसवर असेल तर पीजीव्हेक्टर ही व्हेक्टर साठवण्या-शोधण्याची जोडणी बसवावी. इलॅस्टिकसर्च आधीपासून असेल तर त्यातच व्हेक्टरचा रकाना जोडता येतो.

८० हजार तुकड्यांपर्यंत तर प्रत्येक व्हेक्टरशी थेट तुलनाही परवडते. हे तीन कोटींच्या आसपास गुणाकार आहेत, आजच्या प्रोसेसरला ते जड नाहीत. संग्रह काही लाखांवर गेला की एचएनएसडब्ल्यू हा इंडेक्स, म्हणजे झटपट शोधासाठीची सूची, लावावा. त्याचं काम अनोळखी गावात पत्ता विचारत जाण्यासारखं चालतं: आधी मोठ्या रस्त्याने गावाच्या योग्य भागात पोहोचायचं, मग प्रत्येक वळणावर अजून जवळचं कोण आहे ते पाहत गल्लीत शिरायचं. सगळी घरं पालथी घालावी लागत नाहीत. त्याची किंमत अशी, की क्वचित एखादं खरंच जवळचं घर राहून जातं.

पीजीव्हेक्टरमध्ये या इंडेक्सच्या तीन किल्ल्या आहेत. प्रत्येक बिंदूला किती शेजारी जोडायचे (मूळ मूल्य १६), इंडेक्स बांधताना किती उमेदवार पाहायचे (६४) आणि शोधताना किती पाहायचे (४०). तिसरी किल्ली वाढवली की अचूकता वाढते आणि वेग उतरतो. बहुतेक वेळा हात फक्त तिलाच लावावा लागतो. एक मर्यादा माहीत असावी: साध्या व्हेक्टर प्रकारावर २००० आकड्यांपर्यंतच इंडेक्स बांधता येतो.

इथे हमखास घडणारी एक गडबड. वाचकाने ‘फक्त द्राक्ष’ अशी गाळणी लावली. इंडेक्सने आधी ४० जवळचे तुकडे काढले, मग गाळणी लागली. संग्रहात द्राक्षाचे लेख ५ टक्के असतील आणि प्रश्न सर्वसाधारण असेल, तर ४०मधले दोनच उरतात आणि पान जवळजवळ रिकामं दिसतं. लेख नाहीत म्हणून नव्हे, उमेदवार आधीच संपले म्हणून. उपाय तीन: शोधतानाची संख्या २००पर्यंत वाढवणं, मोठ्या वर्गांसाठी फक्त त्या वर्गाच्या तुकड्यांचा वेगळा इंडेक्स बांधणं, किंवा ०.८.० आवृत्तीपासून आलेली टप्प्याटप्प्याने पुढे शोधत राहायची सोय सुरू करणं.

दोन याद्या एक करताना

आता एका प्रश्नाला दोन याद्या मिळतात: एक शब्दशोधाची, एक अर्थशोधाची. त्यांचे गुण थेट बेरजेत घेऊ नयेत. बीएम२५चा गुण १२ येतो, कधी ३०. कोसाइन साम्य एकाच्या आत असतं. ही मापंच वेगळी आहेत.

त्याऐवजी क्रमांक वापरावेत. २००९मध्ये मांडलेली ‘रेसिप्रोकल रँक फ्यूजन’ ही पद्धत इतकी साधी आणि इतकी भरवशाची आहे, की सुरुवातीला दुसरं काही करूच नये. प्रत्येक यादीतल्या क्रमांकात ६० मिळवायचे, १ला त्या संख्येने भागायचं आणि दोन्ही यादींतले भागाकार जोडायचे. लेख ‘क’ शब्दशोधात पहिला आणि अर्थशोधात नववा आहे: १/६१ + १/६९, म्हणजे सुमारे ०.०३०९. लेख ‘ख’ दोन्हींत तिसरा आहे: २/६३, म्हणजे ०.०३१७. ‘ख’ वर येतो, कारण त्याच्याबद्दल दोन्ही पद्धतींचं एकमत आहे. ‘तेल्या’सारख्या प्रश्नात शब्दशोधाची यादी रिकामी असते, तेव्हा अर्थशोध एकटा काम भागवतो. ‘जेएस ३३५’ला शब्दशोध तारतो.

दोन्ही याद्यांतून प्रत्येकी ५० तुकडे घ्यावेत. एकाच लेखाचे अनेक तुकडे आले तर सर्वांत वरचा ठेवून बाकीचे काढावेत, नाहीतर पहिल्या पानावर एकच लेख सहा वेळा दिसतो. निकालाखाली लेखाची पहिली ओळ न दाखवता जुळलेला तुकडाच दाखवावा. शब्द जुळलेला नसताना हा लेख का आला, हे वाचकाला त्यावरूनच समजतं.

यापुढे री-रँकर जोडता येतो. ‘बीजीई-रीरँकर-व्ही२-एम३’सारखं मॉडेल प्रश्न आणि तुकडा एकत्र वाचून जोडीला गुण देतं. क्रम सुधारतो, पण नुसत्या सीपीयूवर ५० जोड्यांना काही सेकंद लागू शकतात. तेव्हा आधी वरच्या १० ते १५ जोड्यांवरच वापरून पाहावा.

अर्थशोध फसतो ती ठिकाणं

वाणांची आणि औषधांची नावं ही पहिली. ‘केडीएस ७२६’ म्हणजे फुले संगम आणि ‘केडीएस ७५३’ म्हणजे फुले किमया. माणसाला हे दोन वेगळे वाण आहेत. मॉडेलला दोन्ही ‘सोयाबीनचा कुठलातरी वाण’ वाटतात आणि त्यांचे व्हेक्टर अगदी जवळ येतात. प्रश्नात आकडा असेल तर शब्दशोधाला दुप्पट वजन द्यावं, आणि वाणाच्या नाव-क्रमांकाच्या जोड्या समानार्थी यादीत हाताने भराव्यात.

नकार ही दुसरी. ‘रासायनिक खत न वापरता ऊस’ विचारलं की रासायनिक खतांचेच लेख वर येतात. शब्द तेच, विषय तोच, ‘न’ एवढासा. त्यावर मॉडेल बदलून फारसा उपयोग होत नाही. लेखांना ‘सेंद्रिय’ अशी खूण देऊन गाळणी ठेवणं हाच चालणारा मार्ग.

तिसरी गोष्ट काळाची आणि ती सर्वांत जपायची आहे. एंडोसल्फानचं उत्पादन, विक्री आणि वापर यांवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११मध्ये बंदी घातली. त्याआधीच्या लेखांत मात्र त्याची शिफारस सापडते. शब्दशोधात असा जुना लेख वर येण्यासाठी शब्द जुळावे लागायचे. अर्थशोध त्याला कुठल्याही किडीच्या प्रश्नावर वर आणू शकतो, कारण उत्तर म्हणून तो अगदी चपखल बसतो. मॉडेलला तारीख कळत नाही आणि बंदीही कळत नाही. अर्थशोध सुरू करण्यापूर्वी बंदी असलेल्या रसायनांच्या नावांनी संग्रह चाळावा. ते लेख एक तर शोधातून वगळावेत, किंवा त्यांच्यावर ठळक सूचना लावावी. योजना आणि अनुदानांच्या लेखांना तारखेप्रमाणे गुण कमी करत न्यावेत.

चौथी: अर्थशोध कधीच ‘नाही’ म्हणत नाही. ‘विमानाचं तिकीट’ शोधलं तरी सर्वांत कमी दूर असलेले दहा तुकडे तो आणून देतो. यासाठी किमान साम्याची रेघ आखावी लागते, आणि ती दुसऱ्याकडून उसनी घेता येत नाही. ई५चे गुण बहुतेक ०.७ ते १.०च्या दरम्यानच येतात, तिथे ०.५ची रेघ काहीच अडवत नाही. संग्रहाशी संबंध नसलेले ५० प्रश्न आणि संबंध असलेले ५० प्रश्न चालवून दोन्हींचे वरचे गुण शेजारी मांडावेत. रेघ कुठे बसते ते दिसतं. दोन्ही गट मिसळलेलेच दिसले तर रेघ न आखता ‘याच्या जवळचे लेख’ असं स्पष्ट लिहून निकाल वेगळे दाखवावेत.

रोमन अक्षरांत टाइप केलेली मराठी हा वेगळाच विषय आहे. ‘कांदा करपा उपाय’ इंग्रजी कीबोर्डवर लिहिणारे खूप असतात आणि प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. बहुभाषिक मॉडेलं यात कच्ची पडतात. मद्रास आयआयटीतल्या एआयफॉरभारत गटाचं ‘इंडिकएक्सलिट’ रोमनचं देवनागरी करून देतं. प्रत्येक शब्दाचे तीन-चार पर्याय घ्यावेत आणि त्यांतला जो आपल्या संग्रहात खरोखर आढळतो तो निवडावा. मूळ रोमन शब्दही शब्दशोधात राहू द्यावा, कारण तो औषधाचं व्यापारी नाव असू शकतो.

मोजल्याशिवाय सुरू करू नये

शोधांच्या नोंदींतून १५० खरे प्रश्न निवडावेत. त्यांत एकशब्दी प्रश्न हवेत, पूर्ण वाक्यं हवीत, बोलीतले, चुकीच्या शुद्धलेखनाचे, रोमनमधले आणि वाणांच्या क्रमांकांचेही हवेत. विषय जाणणाऱ्या माणसाने प्रत्येकासाठी योग्य लेख नोंदवावेत. संगणकवाल्याने नव्हे, कारण ‘लाल्या’ हा कपाशीचा प्रश्न आहे हे त्याला माहीत असेलच असं नाही. मग तीन गोष्टी शेजारी ठेवाव्यात: जुना शब्दशोध, फक्त अर्थशोध आणि दोन्ही एकत्र. योग्य लेख पहिल्या दहात किती वेळा आला, आणि पहिला योग्य लेख कितव्या क्रमांकावर आला, ही दोन मापं पुरेत. सरासरीवर समाधान मानू नये. प्रकारवार पाहावं. वाक्यांच्या प्रश्नांत मोठा फायदा आणि क्रमांकांच्या प्रश्नांत तोटा झालेला असेल, तर सरासरी तो तोटा झाकून टाकते.

सुरू झाल्यावरची देखभाल ही बरीचशी शिस्तीची बाब आहे. प्रत्येक तुकड्यासोबत मजकुराची बोटखूण, म्हणजे हॅश, आणि मॉडेलचं नाव साठवावं. लेख बदलला की फक्त बदललेल्या तुकड्यांचे व्हेक्टर नव्याने करावेत आणि लेख काढला की तेही काढावेत. मॉडेल बदलायचं असेल तर सगळे व्हेक्टर नव्या रकान्यात तयार करून मगच शोध तिकडे वळवावा. दोन मॉडेलांचे व्हेक्टर आकड्यांच्या संख्येने सारखे असले तरी एकमेकांशी तुलना करण्याजोगे नसतात. मिसळले तर चूक दिसत नाही, निकाल फक्त अर्थहीन होतात.

टाइप करताना दिसणाऱ्या सूचनांसाठी अर्थशोध चालवू नये. तिथे साधी शब्दयादीच वेगवान असते. नेहमीच्या प्रश्नांचे व्हेक्टर साठवून ठेवावेत, कारण हंगामात तेच दोनशे-तीनशे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. अर्थशोधाची सेवा बंद पडली तर एका सेकंदाच्या आत शब्दशोधाचे निकाल दाखवायची सोय ठेवावी. आणि दर आठवड्याला ज्या शोधांनंतर कुणीच कशावर क्लिक केलं नाही, ती यादी विषयतज्ज्ञाकडे द्यावी. त्यातले काही शब्द समानार्थी यादीत जातील, काही लेखांच्या शीर्षकांत. उरतील ते अजून कुणी न लिहिलेल्या लेखांचे विषय, आणि ते संपादकाच्या टेबलावर गेले पाहिजेत.